वजाबाकीने मोजलेली वाट

“मोजणाऱ्याला बघून जे माणूस वाट सोडतंय, त्ये त्या वाटंचं धरायचं का न्हाई?”

हा प्रश्न २४ ऑगस्ट २०२२च्या सायंकाळी, बोरवंडीच्या एसटी थांब्यावर, अख्तरबी मणेर यांनी मला विचारला. सार्वजनिक जागांच्या वापराचे मापन हा माझ्या अध्यापनाचा विषय आहे. पायी आणि सायकलने ये-जा करणाऱ्यांची गणना कशी करावी, यावर मी एक पुस्तिकाही लिहिली होती. गणकाने कुठे बसावे, किती वेळ बसावे, पाऊस आल्यास काय करावे, हे सारे तिच्यात होते. गणकाला चुकवून जाणाऱ्या माणसाचे काय करावे, हे नव्हते. मी “बघतो” एवढेच म्हणालो. पुढचे सारे अख्तरबींनी केले.

बोरवंडी हे सांगली जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, मंगळवारच्या बाजाराचे गाव. गावाच्या पाठीशी एक उघडाबोडका डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावरून जिल्ह्याची हद्द जाते. डोंगरापलीकडे, सातारा जिल्ह्यात, धनगरांच्या तीन वस्त्या आहेत : थोरली, वरली आणि बाभळीची. डोंगराला मधोमध एक खाच आहे, तिला तरसखिंड म्हणतात. खिंडीतून जाणारी पायवाट साडेतीन किलोमीटरची आहे. डांबरी रस्त्याने तेच अंतर चौदा किलोमीटर भरते आणि त्या रस्त्याला एसटी नाही. वस्तीवरच्या मुलांची शाळा, बाजार, दवाखाना, दळणाची गिरणी, चाऱ्याचे माळ हे सगळे खिंडीच्या अलीकडे आहे. बिरोबाचे देऊळ आणि मेंढरांचे वाडे पलीकडे.

अख्तरबी त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. सासूच्या मागून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन त्या पहिल्यांदा खिंड चढल्या. त्यानंतर आठवड्यातून दोन खेपा, याप्रमाणे एकोणचाळीस वर्षे. शाळा चौथीपर्यंत झालेली. तिन्ही वस्त्यांतल्या प्रत्येक बाईच्या मनगटाचे माप त्यांना तोंडपाठ होते. कुणाचा हात मऊ, कुणाच्या अंगठ्याचे हाड आडवे येते, कुणाला बाळंतपणानंतर सव्वादोनची बांगडी घट्ट होऊ लागली, हे त्या टोपली उतरवण्याआधीच जाणून असत. आता घोटा दुखत होता. चौदा किलोमीटरच्या वळशाने त्या वस्तीवर जाऊ शकणार नव्हत्या, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलेले होते. खिंड बंद झाली तर त्यांच्यापुरत्या तिन्ही वस्त्या बंद होणार होत्या.

आणि खिंड बंद होण्याची शक्यता खरोखरच निर्माण झाली होती. डोंगरावर निसर्ग उद्यान करण्याची योजना होती. सभोवार कुंपण, रस्त्याच्या बाजूला एकच प्रवेशद्वार, आत आखीव पायवाटा, बाके, पक्ष्यांचे फलक. योजनेच्या टिपणात एक वाक्य होते : ‘स्थानिक ग्रामस्थांना निसर्गात विरंगुळ्याची संधी उपलब्ध नाही.’ त्याखाली अट होती. ज्या जुन्या वाटेचा वापर पंधरा दिवसांच्या गणनेत रोज सरासरी साठ माणसांपेक्षा कमी आढळेल, ती ‘अल्पवापराची’ मानून कुंपणाच्या आत घेतली जाईल. गणनेचे काम आमच्या विभागाकडे आले. गणक स्थानिक हवा होता. बोरवंडीत ज्याला विचारावे तो म्हणे, खिंडीत दिवसभर बसायचे तर मेंढका होऊन जन्माला यायला हवे. अख्तरबी स्वतःहून पुढे आल्या.

“मी तशी बी तितं बसतीयाच,” त्या म्हणाल्या. “खिंडीत एक सपाट धोंडा हाय. टोपली उतरवायची, घोटभर पानी प्यायचं, वारं खायाचं. आता मोजत बशीन.”

मी त्यांना मुठीत मावणारे, अंगठ्याने दाबायचे गणकयंत्र दिले. प्रत्येक माणसामागे एकदा दाबायचे. यंत्र टक् वाजते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. त्यांनी ते दोनदा दाबून पाहिले आणि पदराच्या गाठीत बांधले.

२२ ऑगस्टला, सोमवारी, गणना सुरू झाली. पहिल्या सकाळी मी धोंड्याजवळच होतो. तात्याबा नावाचे थोरल्या वस्तीचे साठीचे मेंढपाळ, खांद्यावर घोंगडे टाकून, कळपाच्या पुढे चढून आले. अख्तरबींनी अंगठा दाबला. तात्याबा जागच्या जागी थांबले.

“काय वाजलं गं?”

“यंत्र हाय, तात्याबा. माणसं मोजतीया. वाट उघडी ऱ्हावी म्हनून.”

“मला बी मोजलं?”

“व्हय की.”

“पुसून टाक.”

“ह्यात पुसता येत न्हाई.”

“मग मी उलटा मागं जातो. तू उलटं वाजव.”

मला हसू आले. तात्याबांना आले नाही. कळप तसाच पुढे काढून ते निघून गेले. त्या दिवशी आकडा नऊ झाला. दुसरा दिवस मंगळवार, बाजाराचा. त्या दिवशी सात. बाजाराच्या दिवशी खिंडीत सात माणसे, हे मला विचित्र वाटायला हवे होते. मी ते कोष्टकात उतरवले आणि समासात ‘ढगाळ हवामान’ असे लिहिले. तिसऱ्या दिवशी अकरा.

ही चूक यंत्राच्या मदतीने उघड झाली नाही, बांगड्यांमुळे झाली. बुधवारी दुपारी गणनेची वेळ संपल्यावर अख्तरबी थोरल्या वस्तीवर गेल्या. वस्तीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या सुलाबाईंची नातसून क्रांती अंगणात होती. आठ दिवसांपूर्वीच अख्तरबींनी तिला दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. आता उजव्या हातात तीनच उरल्या होत्या आणि मनगटाला ओरखडे होते.

“बये, काय झालं गं हाताला?”

“पडले.”

“कुटं?”

“मेंढराच्या घसरणीवर.” घसरण म्हणजे खिंडीच्या वरच्या अंगाला कड्यावरून उतरणारी शेळ्यामेंढ्यांची वाट, माणूस तिथे हातांचा आधार घेतल्याशिवाय उतरू शकत नाही.

“आगं, चांगली वाट सोडून तिकडनं कशाला?”

क्रांती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, “तुमी बसलाय न्हवं खिंडीत.”

अख्तरबींनी टोपली खाली ठेवली. वस्तीवरची चाळीस-पन्नास माणसे, म्हातारीकोतारी, बाया, दप्तर पाठीला लावलेली पोरे, सगळी तीन दिवस कड्यावरून ये-जा करत होती, हे त्यांना तिथे कळले. जी वाट वाचवायला त्या बसल्या होत्या, ती त्यांच्या बसण्यानेच ओस पडली होती. त्याच संध्याकाळी बोरवंडीत परतून त्यांनी मला तो प्रश्न विचारला.

कारण साधे होते आणि ते मला माहीत असायला हवे होते. या वस्त्यांवर मेंढरे कुणी मोजत नाही. कळपाकडे बोट करून एक, दोन, तीन म्हटले की तितकी टिकत नाहीत, अशी समजूत आहे. जे जनावरांना लागू, ते लेकराबाळांना त्याहून अधिक लागू. ही समजूत भाबडी आहे असे म्हणून पुढे जाणे मला सोपे होते. पण तशाने कड्यावरची माणसे खिंडीत आली नसती. तीन दिवसांची सरासरी नऊ होती. उरलेल्या बारा दिवसांत काही घडले नाही, तर ‘अल्पवापर’ हा शब्द मीच माझ्या सहीने लिहिणार होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच अख्तरबी पुन्हा वस्तीवर गेल्या आणि गणकयंत्र त्यांनी सुलाबाईंच्या पुढ्यात ठेवले.

“आक्का, ह्ये घ्या. आजपासनं मी ह्ये वाजवनार न्हाई.”

सत्तरी ओलांडलेल्या सुलाबाईंनी यंत्राला हात लावला नाही. “आवं अख्तरबी, चाळीस वरसं आमचं हात धरलं तुमी. कवा आमची डोकी मोजली न्हाईत. आन् आता मेंढरावानी वाजवायला लागला?”

“चुकलं माजं. पर आक्का, कुंपन पडलं तर तुमी कुटनं जाणार? घसरणीवरनं? ती बी कुंपनातच जातीया.”

 हे सुलाबाईंना कुणी सांगितले नव्हते.

“मला एक सांगा,” अख्तरबी म्हणाल्या. “तुमी मेंढरं मोजत न्हाई. मग सांजच्याला एक कमी हाय, ह्ये कसं कळतं?”

“त्यात काय कळायचं? वाड्याच्या तोंडाला हुभं ऱ्हायचं. आत काय आलं त्ये बघायचंच न्हाई. काय राहिलं त्ये बघायचं. बांडी राहिली, तुटक्या कानाची राहिली. राहिलेल्याचं नाव घ्यायला काय हुतंय? नाव घेतलं तरच ती घावती.”

“मग माणसांचं बी तसंच करू या की,” अख्तरबी म्हणाल्या. “खिंड कोन वलांडून गेलं, मी इचारनार न्हाई. रोज सांजच्याला दारात येऊन इचारीन, आज हितंच कोन राहिलं. खिंड सोडून दुसरीकडं गेलेलं बी राहिल्यालंच धरायचं. त्येवढीच नावं लिवीन.”

 सुलाबाईंनी एकच अट घातली : आकडा वस्तीत उच्चारायचा नाही. नावे लिहा, कागद न्या, हिशेब डोंगराच्या पलीकडे करा.

पद्धतिशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अख्तरबींनी प्रत्यक्ष गणनेऐवजी पूरक संचाची गणना सुचवली होती. तिन्ही वस्त्यांची एकूण लोकसंख्या, एकशे बारा, अंगणवाडीच्या आणि शिधापत्रिकांच्या नोंदीत आधीच होती. ती वस्तीत कुणाला विचारण्याची गरज नव्हती. त्यातून राहिलेल्यांची नावे वजा केली की गेलेल्यांची संख्या मिळते. तिच्यासाठी खिंडीत कुणी बसण्याचे कारण नव्हते. हे मी त्यांना समजावून सांगू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, वजाबाकी मला येतीया. चौथी पास हाय मी.”

अडचण वेळेची होती. नावे दिवेलागणीला, सगळी घरी परतल्यावर घ्यायची. त्यानंतर दुखऱ्या घोट्याने खिंड उतरणे शक्य नव्हते. बारा दिवस वस्तीवर राहावे लागणार होते. त्यांचा मुलगा झिशान बोरवंडीत पंक्चरचे दुकान चालवतो. त्याला हे पटले नाही. घरातल्या बोलीत तो म्हणाला, “अम्मी, बारा दिन उधर रहेगी? लोगां क्या बोलेंगे?”

“वो लोगां मेरे हात से चुड्यां भरे सो हैं,” अख्तरबी म्हणाल्या. “वो क्या बोलते? तू बोल, तेरेकू क्या बोलने का है?”

 झिशानची बायको अरिबा बारावी झालेली. रोज सकाळी शाळेला येणाऱ्या मुलींबरोबर कागद खाली पाठवायचा, आणि अरिबाने वजाबाकी करून वहीत मांडायची, असे ठरले. अशा रीतीने वस्तीत फक्त नावे राहिली आणि आकडे बोरवंडीत.

२५ ऑगस्टपासून दर संध्याकाळी अख्तरबी थोरल्या वस्तीवरून निघत, बाभळीच्या वस्तीवर जात, वरल्या वस्तीवरून परत येत. प्रत्येक दारात एकच प्रश्न. “आज हितं कोन राहिलं?” पहिल्या दिवशी उत्तरे जपून आली. तिसऱ्या दिवसापासून बाया आधीच उंबऱ्यावर उभ्या राहू लागल्या. “आमचं म्हातारं राहिलं. आन् मंगलच्या पोरीला ताप हाय, ती राहिली.” “दादासो राहिला, त्यो राहतोयच, त्येला खाटंनं धरलंय.” यावर दादासो खाटेवरूनच ओरडून सांगत, की ते दुपारी खिंडीपर्यंत जाऊन आले आहेत, नाव काढा. गेलेले कशासाठी गेले, हे अख्तरबी नंतर, गप्पांच्या ओघात विचारत. शाळा, बाजार, चारा, दळण. त्यांच्या कागदाला मी ‘विरंगुळा’ असा एक रकाना दिला होता. तो चार दिवस कोरा राहिला. पाचव्या दिवशी त्यांनी त्यावर काट मारून ‘वारं खायाला’ असे लिहिले. त्यानंतर तो भरू लागला. क्रांती तिसऱ्या प्रहरी धोंड्यावर जाऊन बसते. सुलाबाई पहाटे जातात, ऊन लागायच्या आत परत येतात. काम? काही नाही. हे सांगताना त्या किंचित लाजल्या, असे अख्तरबींनी मला सांगितले.

योजनेच्या कार्यालयाकडून जयराज नावाचे तरुण अधिकारी पडताळणीसाठी आले ते ३० ऑगस्टला, मंगळवारी; मीही त्यांच्याबरोबर होतो. त्यांचा आक्षेप रास्त होता. “मावशी, गेलेल्या माणसांची नोंद नाही, न गेलेल्यांची आहे. हा पुरावा कसा मानायचा?”

“सायेब, तुमी आज दुपारी थोरल्या वस्तीवर जा,” अख्तरबी म्हणाल्या. “हितं कोन कोन हाय त्येंची नावं लिवून खिशात ठेवा. मला दावू नका. सांजच्याला माजा कागद आन् तुमचा कागद एका ठिकाणी धरू.”

जयराज गेले. बाजारचा दिवस असल्याने वस्ती रिकामी होती. दारोदार फिरून त्यांनी सात नावे लिहिली. माणसे त्या दिवशी बाजारातून लवकर परतली, आणि ऊन कलताना, अख्तरबींची तिन्ही वस्त्यांची फेरी झाल्यावर, सुलाबाईंच्या अंगणात दोन्ही कागद शेजारी ठेवण्यात आले. अख्तरबींच्या कागदावर थोरल्या वस्तीची सहा नावे होती. सहाही जुळली. जयराजांचे सातवे नाव सुलाबाईंचे होते.

“ह्या दुपारी इथे होत्या,” जयराज म्हणाले. “मी स्वतः पाहिले. तुमच्या यादीत त्या राहिलेल्यांत नाहीत.”

“पाटंलाच खिंडीत जाऊन आले मी,” सुलाबाई म्हणाल्या. “आठ वाजता माघारी. मग मी राहिले कशी?”

जयराजांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग त्यांना जे उमगले ते त्यांनी प्रामाणिकपणे बोलून दाखवले : ही पद्धत एका माणसाच्या दोन फेऱ्या एकच धरते, म्हणजे आकडा चुकला तर तो कमी भरेल, जास्त नाही. त्यांनी पेन काढले. “ठीक आहे. आजचा एकूण आकडा सांगा, मी इथेच सही करतो.”

अंगणात तीस-पस्तीस माणसे होती. अख्तरबींनी कागद घडी घालून पदरात बांधला.

“आकडा हितं न्हाई सांगत. खाली बोरवंडीत सांगते.”

“मावशी, मला इथेच नोंदवायचा आहे. नियमानुसार पडताळणी जागेवर करायची असते. नाहीतर आजचा दिवस अपूर्ण धरावा लागेल. आणि एक दिवस अपूर्ण, तर सगळी गणना अपूर्ण.”

“धरा अपुरी,” अख्तरबी म्हणाल्या. “मी सबूद दिलाय.”

त्यांच्या हातातून वाट जात होती आणि त्यांना ते कळत होते.   तात्याबा भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, “सायेब, खिंड काय लांब न्हाई. अजून उजेड हाय. चला की बाईसंगं. सही पलीकडं करा. डोंगर एकच हाय न्हवं?”

जयराजांनी घड्याळ पाहिले, चालकाला गाडी वळसा घालून बोरवंडीला न्यायला सांगितले आणि ते निघाले. अख्तरबी पुढे, घोटा जपत, एका लयीत चढत होत्या. जयराज मागे, बुटांनी खडे उडवत. खिंडीत पोचल्यावर ते त्या सपाट धोंड्यावर बसले. वारा इतका होता की बोलणे ऐकू येण्यासाठी वाकावे लागत होते. अख्तरबी थांबून राहिल्या. काही वेळाने त्या म्हणाल्या, “सायेब, दम लागला व्हय?”

“लागला होता. आता नाही.”

“मग उठत का न्हाई?”

जयराज हसले. “वारा चांगला आहे इथे.”

“तुमी वस्तीवरचं न्हाई,” अख्तरबी म्हणाल्या. “न्हाईतर तुमचं बी कारण रकान्यात लिवलं असतं.”

बोरवंडीच्या पहिल्या घराजवळ त्यांनी पदराची गाठ सोडली आणि आकडा सांगितला : एकशे बारांतून बावीस वजा, नव्वद. जयराजांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

५ सप्टेंबरला गणना संपली. बारा दिवसांची सरासरी चौऱ्याहत्तर आली. ‘वारं खायाला’ या रकान्यात एकतीस नोंदी होत्या. पहिल्या तीन दिवसांचे नऊ, सात, अकरा हे आकडेही मी अहवालात ठेवले. ते धरूनही पंधरा दिवसांची सरासरी एकसष्ट भरली, म्हणजे अटीपेक्षा एकाने जास्त. त्या तीन आकड्यांसमोरचे ‘ढगाळ हवामान’ मी खोडले आणि तिथे ‘गणकाची उपस्थिती’ असे लिहिले. योजनेच्या टिपणातले विरंगुळ्याविषयीचे वाक्य दुरुस्त करावे, अशी शिफारसही केली. ती मान्य झाली नाही. कुंपणात वाटेसाठी जागा सोडण्याची शिफारस मात्र १७ फेब्रुवारी २०२३च्या पत्राने मान्य झाली.

पुढच्या आठवड्यात अख्तरबींना मी पत्र वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले, आणि विचारले, “दार लावणार न्हाईत न्हवं?”

“पत्रात ‘मोकळी जागा’ असे लिहिले आहे,” मी म्हणालो.

“मग आक्काला सांगते,” त्या म्हणाल्या आणि टोपली उचलली. तो गुरुवार होता. त्यांच्या खेपेचा दिवस नव्हता.

निसर्ग उद्यान जून २०२५मध्ये खुले झाले. तरसखिंडीत कुंपणाला सहा फुटांची मोकळी जागा आहे. तिला दार नाही.